‘झालं’: एका कंडक्टरच्या हरवलेल्या बोलीचं प्रकरण

मारबतीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात ईडा-पीडेच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते त्या दिवशी, सकाळी सातला काकांच्या हातून चहाचा कप निसटला. आदल्या रात्री भजनाचं जागरण झालं होतं, तेव्हा अशक्तपणा असेल म्हणून काकूंनी त्यांना झोपवलं. अकराच्या सुमारास तोंड डावीकडे ओढलेलं दिसलं, उजवा हात उचलेना, आणि बोलायला गेले तर आवाज आला, शब्द आला नाही. इतवारी-महालाकडचे रस्ते मिरवणुकीच्या गर्दीने भरलेले. ऑटो गल्लीबोळांतून वळसे घेत दवाखान्यात पोचला तेव्हा दोन वाजून गेले होते. मेंदूच्या झटक्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं दिसू लागल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. कप निसटून सात तास झाले होते.

माझ्याकडे ते सहा आठवड्यांनी आले, अफेजिया घेऊन: मेंदूला इजा होऊन भाषाच बिघडते ती अवस्था. मी धंतोलीत स्पीच थेरपी करते. हे लिहायला काका, काकू आणि त्यांचा मुलगा, तिघांचीही संमती आहे. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

काका ६३ वर्षांचे, एसटीचे निवृत्त कंडक्टर. बरीचशी नोकरी नागपूर-अमरावती मार्गावर गेली. संध्याकाळी मोहल्ल्यातल्या मंडळात खंजिरी भजन. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे विदर्भात खंजिरी गावोगाव पोचली आणि काकांच्या वडिलांपासून ती त्यांच्या घरात आहे. कोंढाळीजवळ चार एकर संत्र्याचा बगिचा आहे. तो विकून मानेवाड्यात दुकान टाकायचं मुलाच्या मनात होतं, काकांचा नकार होता. झटका आला त्याआधी दोन आठवडे बापलेकांचं बोलणं बंद होतं.

पहिल्या भेटीत मुलगाच आधी बोलला. “मॅडम, तपासायचं ते तपासा. पण बाबा बोलू शकतात. ते मुद्दामच बोलून नाही राहिले.” आणि त्याने मोबाइल पुढे केला.

व्हिडिओत काका पलंगावर उशीला टेकून बसलेले. मंडळातले चार-पाच जण भेटायला आलेले, एकाने खंजिरी धरलेली. भजन सुरू झालं आणि दुसऱ्या ओळीपासून काकांनी सूर धरला. सगळं भजन म्हटलं. जोडाक्षरं, यमकं, शेवटची कवीच्या नावाची छापसुद्धा. कुठे अडखळणं नाही.

“भजन म्हनता येते, मंग पाणी काऊन मांगता येत नाही?”

हे सगळं प्रकरण या एका प्रश्नाचं आहे. प्रश्न रागाचा होता, पण चुकीचा नव्हता. गेली अडीचशेहून जास्त वर्षं शहाण्या माणसांनी तो विचारला आहे. स्वीडनमध्ये ओलोफ दालिन यांनी १७४५ साली अशाच एका माणसाची नोंद केली: उजवं अंग लुळं, बोलता येत नाही, पण प्रार्थनागीतं स्पष्ट गातो.

एक शब्द, शंभर अर्थ

काकांच्या तोंडून गाण्याबाहेर एकच शब्द येत होता. झालं.

चहा घेता? झालं. औषध घेतलं? झालं. त्यामुळे दोन दिवस बीपीची गोळी चुकली. काकू म्हणायच्या, “मी विचारलं, ते हो म्हणाले.” नीट ऐकलं तर प्रत्येक ‘झालं’ची चाल वेगळी होती. एक विचारणारं, एक चिडलेलं, एक विनवणारं. वाक्याची लय शाबूत होती, वाक्य नव्हतं.

पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात १८६१ साली पॉल ब्रोका यांनी लेबॉर्न्य नावाचा रुग्ण तपासला. वीस वर्षांहून जास्त काळ तो फक्त ‘तां’ म्हणत होता, बहुतेक दोनदा, ‘तां तां’. त्याला बोललेलं बरंचसं कळायचं. तो वारला, तेव्हा ब्रोकांना त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूला, कपाळामागच्या खालच्या भागात इजा सापडली. त्या भागाला आज ब्रोकांचं नाव आहे. लेबॉर्न्यचा मेंदू जपून ठेवलेला होता. २००७ साली त्याचा एमआरआय प्रसिद्ध झाला, तेव्हा इजा ब्रोकांना वरून दिसली त्यापेक्षा बरीच खोल गेल्याचं कळलं. वाणी मेंदूच्या एका चौकोनात राहत नाही, तिच्या वाटाही तुटू शकतात, हे त्या जुन्या मेंदूनेच पुन्हा दाखवलं.

पण ‘तां’ला अर्थ नाही, म्हणून त्याने कोणी फसत नाही. ‘झालं’ला आपल्याकडे फार अर्थ आहेत: संपलं, पुरे, कबूल, आता काय उरलं. अर्थ असलेला शब्द तोंडात अडकला की घरचे तो अर्थासकट ऐकतात. दवाखान्यातल्या तिसऱ्या रात्री मुलगा बापाजवळ बसला आणि म्हणाला, “बाबा, मी चुकलो. बगिच्याचं आपण मंग पाहू.” काकांनी डाव्या हाताने त्याचं मनगट घट्ट पकडलं आणि म्हणाले, “झालं, झालं, झालं.”

मुलाला ते ‘आपलं संपलं’ असं ऐकू आलं. तो उठून बाहेर गेला. त्यानंतर आणणं-नेणं, फी भरणं सगळं करत होता, पण खोलीत बसत नव्हता. हे मला त्याने थेट जानेवारीत सांगितलं. आधी कळलं असतं तर मी पहिला आठवडा काकांवर नाही, त्याच्यावर घालवला असता.

तपासणीत काय दिसलं

सांगितलेलं काकांना बहुतेक कळत होतं. “आधी दाराकडे बघा, मग पंख्याकडे” सहज जमलं. “पेनाने चावीला हात लावा” म्हटलं की मात्र कशाने कशाला, हा गोंधळ. पेन दाखवून नाव विचारलं, झालं. माझ्यामागे ‘पाणी’ म्हणा, ओठ हलले, घाम आला, झालं.

पण मी ‘एक, दोन’ सुरू केलं की दहापर्यंत आकडे आले. कोणी नमस्कार केला की ‘जय गुरू’ लख्ख यायचं. काकूंनी “ईडा पीडा…” म्हणताच “…घेऊन जा गे मारबत” पूर्ण झालं. आणि मी म्हटलं, “काका, गाडी नागपुरातून निघाली,” तर कंडक्टरचा तो खणखणीत आवाज आला: “वाडी, गोंडखैरी, बाजारगाव, कोंढाळी!” फक्त कोंढाळी म्हणा, असं सांगितलं तर ओठ मिटले. कोंढाळीला जायला त्यांना वाडीहूनच बसावं लागत होतं.

मुलाने घरी स्वतःची एक परीक्षा घेतली होती. मोबाइलचा कीबोर्ड पुढे ठेवून म्हणाला होता, बोलता येत नाही तर लिहा. काकांनी ‘झ’ दाबला आणि थांबले. त्याच्या लेखी हा दुसरा पुरावा. ही समजूत मी बऱ्याच घरांत पाहिली आहे: जीभ बिघडली, म्हणजे लिहिता तर येईल. पण इथे जीभ बिघडलेली नव्हती. मनातलं शब्दांत बांधणारी जागा बिघडली होती, आणि लिहिणं त्याच जागेतून येतं.

एमआरआयची फिल्म मी खिडकीला धरून मुलाला दाखवली. डाव्या बाजूचा तो भाग पाहून तो गप्प झाला, पण पटल्याचं दिसलं नाही. चित्राने पटत नाही, अनुभवाने पटतं. मी म्हटलं, “तुमच्या मोबाइल नंबरचा सातवा आकडा सांगा.” त्याचे ओठ हलू लागले. पहिल्या आकड्यापासून बोटं मोजत तो सातव्यापर्यंत आला.

“थेट सातवा का नाही सांगितला?”

“तसा नाही येत न मॅडम. सुरुवातीपासून म्हनाव लागते.”

“बाबांचं भजन तसं आहे.”

एकोणिसाव्या शतकात जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी हाच फरक मांडला होता. पाठ असलेलं, सवयीचं, भावनेच्या भरात निघणारं बोलणं वेगळं, आणि त्या क्षणी नवं वाक्य घडवणं वेगळं. भजन म्हणताना प्रत्येक शब्द पुढच्याला ओढत आणतो, सूर आणि ताल दोन्हीकडून आधार देतात. पाणी मागायचं तर शून्यातून शब्द निवडायचा, त्याला प्रत्यय लावायचा, क्रम लावायचा. सोपं दिसतं ते आपण जन्मभर करत आलो म्हणून.

खंजिरी मांडीवर

या माणसाला उपचार गाण्यातूनच द्यायचा, हे उघड होतं. बोस्टनमध्ये १९७३ साली अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म यांनी पद्धत मांडली: रोजची छोटी वाक्यं दोन सुरांत म्हणायची, एक वरचा, एक खालचा, आणि प्रत्येक अक्षराला डाव्या हाताने ठोका. आधी थेरपिस्टबरोबर, मग मागून, मग सूर हळूहळू काढून घेत साध्या बोलण्यापर्यंत.

ही पद्धत इंग्रजीसाठी बेतलेली. इंग्रजीत शब्दातल्या एका अक्षरावर जोर असतो, वरचा सूर तिथे बसतो. मराठीत तसा जोर नाही. मी दीर्घ अक्षरांवर वरचा सूर ठेवून पाहिला, पण ‘पाणी दे’त सगळीच दीर्घ आणि चाल सपाट झाली. शेवटी काकांनीच वाट दाखवली. ते क्रियापदावर खाली उतरायचे, भजनात समेवर येतात तसे. मग सगळी वाक्यं आम्ही तशी बांधली. चहा पाह्यजे. डोकं दुखते. लाइट बंद कर. नागपुरीतच, कारण त्यांच्या तोंडात तीच भाषा होती. पुस्तकी ‘मला चहा हवा आहे’ त्यांच्या गळ्यात कधीच नव्हतं, ते परत तरी कुठून येणार?

ठोक्यासाठी टेबल नको म्हणून मी खंजिरी मागवली. खंजिरी डाव्या हातात धरून उजव्याने वाजवतात. उजवा हात लुळा. काकूंनी मांडीवर घडी केलेला टॉवेल ठेवला, त्यावर खंजिरी, आणि डाव्या हाताची थाप. पहिल्या दिवशी थाप चुकली तेव्हा काका रडले. बोलता येत नाही म्हणून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. डाव्या हाताला ताल सापडायला आठवडा लागला. ‘पाणी दे’ त्यानंतर चार दिवसांत आलं.

गाण्याने मेंदूचा उजवा भाग जागा होतो आणि तो बोलू लागतो, असं सोपं करून सांगितलं जातं. मी तसं सांगत नाही. बोस्टनमधल्याच श्लाउग यांच्या गटाने २००९ साली अशा तीव्र उपचारानंतर सहा रुग्णांच्या उजव्या बाजूच्या तंतूंच्या जुडग्यात बदल दाखवला, हे खरं. पण जर्मनीत २०११ साली १७ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात सुरापेक्षा तालाचा आणि पाठ शब्दांचा वाटा मोठा निघाला. माझ्या खोलीत मी जे पाहिलं ते या दुसऱ्या बाजूला जास्त जातं. सूर बेसूर झाला तरी शब्द यायचा. थाप चुकली की शब्द जायचा.

यंत्राकडून काय मिळालं

नोव्हेंबरात मुलाने मला एक बातमी दाखवली. डोक्यात तारा बसवलेली बाई संगणकातून बोलते. “बाबाले हे नाही का लागू होनार?” त्याच्या स्वरात पहिल्यांदा आरोप नव्हता, आशा होती, म्हणून मी अर्धा तास देऊन उत्तर दिलं.

२०२३ साली कॅलिफोर्नियातल्या दोन गटांनी हे प्रयोग प्रसिद्ध केले. एकात मेंदूच्या पृष्ठभागावर २५३ इलेक्ट्रोड ठेवून मिनिटाला ७८ शब्दांचा वेग मिळाला, दुसऱ्यात मेंदूत बारीक इलेक्ट्रोड रोवून ६२ शब्दांचा. काम थक्क करणारं आहे. पण त्या दोघींची भाषा शाबूत होती. एकीला मेंदूच्या देठाशी झटका आला होता, दुसरीला स्नायू निकामी करत नेणारा आजार होता. वाक्य मनात तयार व्हायचं, ओठ-जिभेपर्यंत पोचत नव्हतं. यंत्राने ते निघाल्या जागी टिपलं. काकांच्या बाबतीत वाक्य तयार होण्याच्या जागीच खिंडार होतं. टिपायचं काय?

घरच्या कामाला आला तो साधा मोबाइल. चित्रांचं अॅप आम्ही दोन आठवडे वापरलं. काकांनी ते ढकलून दिलं, आणि मी आग्रह धरला नाही. काकूंच्या फक्त ओठांचे व्हिडिओ काढले: एक वाक्य, दोन सुरांत, थापेसह, मग रिकामी जागा, त्यात काकांनी म्हणायचं. घरच्या माणसाचे ओठ, घरचा आवाज. रोज संध्याकाळी, भजनाच्या वेळेला, अर्धा तास. मंडळातले दोघे आळीपाळीने येऊन बसत.

काकूंची सवय मोडणं जास्त अवघड गेलं. पस्तीस वर्षांच्या संसारात त्यांना नवऱ्याचं अर्धं वाक्य पुरायचं. आता अर्ध्याचीही वाट न पाहता त्या उत्तर देऊन टाकत. प्रेमानेच. मी म्हटलं, मनात दहापर्यंत मोजा आणि मगच बोला. त्या म्हणाल्या, “मी दहादा जय गुरू म्हणते, चालते का?” ते दहा जप काकांना माझ्या कुठल्याही व्यायामाइतके उपयोगी पडले.

वाडीहून कोंढाळीला

जानेवारीत, संक्रांतीच्या आधी, काका अस्वस्थ झाले. खोलीत आले की खंजिरी ओढून घ्यायचे आणि सुरू: “वाडी, गोंडखैरी, बाजारगाव, कोंढाळी.” थांबायचे. मग थाप, आणि “पाणी दे.” काकूंनी ग्लास पुढे केला तर हाताने दूर. “झालं! झालं!” पुन्हा वाडीपासून.

मी फाइलमध्ये लिहिलं: जुने शब्द अडकून पुन्हा पुन्हा येत आहेत, थकवा असावा. तीन दिवस मी हेच लिहिलं.

चौथ्या दिवशी मुलगा त्यांना न्यायला लवकर आला आणि दारात उभा राहिला. त्याने दोन फेऱ्या ऐकल्या. मग आत येऊन बापापुढे उकिडवा बसला.

“मॅडम, हे पेयाचं पाणी नाही मांगून राहिले. बगिच्याले पाणी द्या म्हनून राहिले.”

आंबिया बहारासाठी डिसेंबरात संत्र्याच्या झाडांचं पाणी तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. जानेवारीत ताण मोडून पाणी सोडलं की फूल धरतं. कधी सोडायचं हे दरवर्षी काका जाऊन, पानं पाहून सांगत. सालदाराने, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याने, डिसेंबरात रिवाजाप्रमाणे पाणी तोडलं होतं आणि निरोपाची वाट पाहत होता. निरोप देणाऱ्याला वाचा नव्हती, आणि मुलाला बगिच्याचा विषय काढायची हिंमत नव्हती.

मुलाने तिथूनच सालदाराला फोन लावला, स्पीकरवर. “बाबा म्हनते, पाणी सोड.” पलीकडून आवाज आला, “कधीचा वाट पाहून राहिलो न भाऊ.” काकांचा हात खंजिरीवर थांबला. ते म्हणाले, “जय गुरू.”

मी माझी तीन दिवसांची नोंद खोडली नाही, तिच्याखाली दुसरी लिहिली. एक तुकडा एसटीतला, पाठ असलेला. एक तुकडा माझ्याकडे शिकवलेला, तहानेसाठी. दोन्ही जोडून काकांनी असं वाक्य केलं जे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं आणि त्यांनी पूर्वी कधी म्हटलं नव्हतं. जॅक्सन ज्याला नवं घडवणं म्हणतात ते हेच. थेरपिस्टला ते ऐकू आलं नाही, कारण मला बगिचा माहीत नव्हता. भाषेचा अर्धा भाग ऐकणाऱ्याच्या मेंदूत असतो आणि त्या दिवशी तो मुलाच्या मेंदूत होता.

दवाखान्यातल्या त्या रात्रीच्या ‘झालं’बद्दल तो मला त्याच संध्याकाळी बोलला. जिन्यात उभा राहून.

मे

मेपर्यंत तीसेक वाक्यं थापेच्या आधाराने येत होती, दहाबारा आधाराशिवाय. क्रियापदांचे शेवट अजून डळमळतात, ‘गेली’च्या जागी ‘गेला’ येतं. वर्तमानपत्राचे मथळे वाचतात. ‘झालं’ गेलेलं नाही, संध्याकाळी थकले की परत येतं, पण आता घरात कोणी त्याचा अर्थ लावत बसत नाही, थांबतात आणि पुन्हा विचारतात.

शेवटची भेट मी त्यांच्या घरी ठेवली. बाहेर पारा ४४ वर, खोलीत कूलरचा घरघराट. काकांचा आवाज आधीच्या निम्मा राहिला आहे, त्या आवाजाखाली तो बुडत होता. बोलायचं असेल तेव्हा अर्धा तास कूलर बंद ठेवा, हे मी आधीही सांगितलं होतं. मुलाने उठून बटण दाबलं. पाती थांबेपर्यंत आम्ही सगळे गप्प होतो.

मग तो वडिलांसमोर बसला आणि म्हणाला, “बाबा, बगिच्याचं एकदा स्पष्ट होऊन जाऊ द्या. मले दुकान टाकायचंच आहे. विकायचा का?”

खंजिरी काकांच्या मांडीवर होती. हात तिच्याकडे गेला नाही. काकूंचे ओठ हलत होते, दहापर्यंत.

“नाही,” काका म्हणाले.

मुलगा चिडला. आवाज चढवून त्याने दुकानाचा हिशेब मांडायला घेतला, काकूंनी मध्ये पडायचा प्रयत्न केला, आणि काकांनी मान हलवत पुन्हा तेच, तितकंच स्पष्ट म्हटलं. मी फाइल उघडली आणि तारखेखाली लिहिलं: सुराशिवाय, थापेशिवाय, विचारल्यावर, योग्य जागी, दोनदा.